घरच्या कामासाठी चांगलं प्लायवूड कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी स्वतःच्या हातानं कपाट, टेबल नाहीतर पुस्तकांची मांडणी करायला निघालेल्यांचे प्रश्न माझ्याकडे येत असतात. त्यांतले निम्म्याहून जास्त करवत-रंध्याचे नसतात, प्लायच्या खरेदीचे असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लायवूड म्हणजे लाकडाचा भुसा दाबून करतात तेच ना?

नाही. भुसा किंवा चिपा दाबून करतात तो पार्टिकल बोर्ड आणि लाकडाचा तंतू दाबून करतात तो एमडीएफ. प्लायसाठी ओंडका मोठ्या यंत्रावर फिरवत ठेवतात आणि लांब पात्यानं त्याची सलग साल काढत जातात, पेन्सिलला टोक करताना पापुद्रा निघतो तशी. हे पातळ थर वाळवून एकावर एक चिकटवतात. एका थराची नस, म्हणजे तंतूंची दिशा, उभी, पुढच्याची आडवी. लाकूड दमट हवेत नसेच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि कोरड्यात आक्रसतं. एकमेकांना काटकोनात चिकटवलेले थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे प्लाय फारसं फुगत-आक्रसत नाही. थरांची संख्या जवळपास नेहमी विषम असते, म्हणजे दोन्ही बाहेरच्या थरांची नस एकाच दिशेनं राहते आणि शीट तोलात राहते.

२. एमआर, बीडब्ल्यूआर, बीडब्ल्यूपी, मरीन... यातलं मला कोणतं लागेल?

ही अक्षरं मुख्यतः सरसाबद्दल बोलतात. एमआर म्हणजे दमटपणाला तोंड देणारं; यात साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइडचा सरस असतो. हवेतली ओल सोसेल, साचलेलं पाणी सोसणार नाही. बीडब्ल्यूआर उकळत्या पाण्यात काही काळ तग धरतं. बीडब्ल्यूपी त्याच्या वरचं, फिनॉलिक सरसाचं; मरीन प्लायही याच सरसाचं असतं. भारतीय मानकांत आयएस ३०३ सर्वसाधारण प्लायसाठी आहे आणि आयएस ७१० मरीन प्लायसाठी. ब्रिटिश मानकात मरीनसाठी बीएस १०८८ आहे. युरोपात ईएन ३१४ सरसाच्या जोडाचे तीन वर्ग करतं: कोरड्या जागेसाठी १, दमट जागेसाठी २ आणि उघड्यावरच्या कामासाठी ३.

पुस्तकांची मांडणी, पलंग, अभ्यासाचं टेबल, कोरड्या खोलीतलं कपाट यांना चांगल्या प्रतीचं एमआर पुरतं. सिंकखालचं कपाट, न्हाणीघराला लागून असलेलं काहीही, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकणारं फर्निचर यांना बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी घ्या. सगळ्या घराला मरीन लावायचा हट्ट मला पटत नाही. तो पैसा बिजागऱ्यांवर आणि खणांच्या (ड्रॉवरच्या) सरकत्या चॅनेलवर घातला तर रोज हाताला जाणवेल.

३. मरीन घेतलं की मग डोळे मिटून विश्वास ठेवायचा ना?

माझं पहिलं मोठं कपाट मी असंच डोळे मिटून केलं होतं. शीटवर मरीनचा ठसा, वरची नस देखणी, दुकानदार आत्मविश्वासानं भरलेला. घरी दाराला बिजागरी बसवताना स्क्रू फिरवतोय, फिरवतोय आणि एकदम हाताला काहीच लागेना. पलीकडे आत बोटभर रुंद पोकळी होती. सरस खरोखरच उत्तम होता, पुढे ते कपाट कधी ओलीनं सुटलं नाही. पण सरस जिथे होता तिथे लाकूड हवं ना!

मरीनच्या मानकांत गाभ्यातल्या फटींवर आणि लाकडाच्या टिकाऊपणावरही अटी असतात. मात्र ‘मरीन’ हा शब्द छापणं आणि त्या अटी पाळणं यात अंतर पडू शकतं. शिवाय ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानात फार सैल वापरला जातो. मानकाचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, कारखान्याचं नाव, जाडी आणि ग्रेड हे सगळं प्रत्येक शीटवर छापलेलं आहे का ते बघा. परवान्याचा क्रमांक मानक संस्थेच्या यादीत ताडून बघता येत असेल तर तो दोन मिनिटांचा त्रास घ्याच. त्यानंतर प्रश्न ४ मधलं सगळं करा, ठसा कितीही मोठा असला तरी.

आणि मरीन प्लायची कापलेली कड उघडी ठेवली तर तीही पाणी पिते. सरस सुटत नाही, पण लाकूड भिजतं, काळं पडतं आणि कुजूही शकतं.

४. दुकानात उभं राहून नेमकं काय बघू? मला तर सगळ्या शीट सारख्याच दिसतात.

समोरून सारख्याच दिसतात, म्हणून समोरून बघण्यात वेळ घालवू नका. वरचा थर बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि तो छान दिसावा म्हणूनच लावलेला असतो. कड बघा. चारही कडा, ओणवं होऊन, हातात टॉर्च घेऊन.

कडेवर थर एकसारख्या जाडीच्या, सरळ रेघांसारखे दिसले पाहिजेत. कुठे काळा ठिपका किंवा आडवी फट दिसली तर ती गाभ्यातली पोकळी: दोन तुकडे शेजारी ठेवताना मध्ये जागा राहिली आहे. एखादी पातळ तार खिशात ठेवा आणि त्या फटीत घालून बघा. नखभर जाऊन अडली तर ठीक. सरसर आत गेली तर ती शीट बाजूला. कुठे रेघ एकदम जाड होऊन वर उचललेली दिसली तर तिथे आतले दोन तुकडे एकमेकांवर चढले आहेत. हा चढ नवशिके सोडून देतात, कारण फट दिसत नाही म्हणजे सगळं भरीव असं वाटतं. पण दाबताना चढाच्या जागी सगळा जोर जातो, शेजारी सरस नीट बसत नाही, आणि वरून लॅमिनेट (सनमायकासारखा पातळ पत्रा) लावल्यावर उजेड तिरका पडला की तिथे लाट दिसते.

मग शीट आडव्या कडेवर उभी करा, एक डोळा मिटा आणि बंदुकीनं नेम धरावा तसं कडेच्या रेषेवरून बघा. थोडा सलग बाक चालतो, भिंतीला किंवा चौकटीला आवळला की निघतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेला पीळ चालत नाही, तो कशानंही निघत नाही.

शेवटी पृष्ठभाग. तळहात हलकेच फिरवा. फुगा असेल तर डोळ्यांआधी हाताला कळतो. वरच्या थरावर बसवलेल्या छोट्या ठिगळांचं फारसं मनावर घेऊ नका, रंग किंवा लॅमिनेट लावायचं असेल तर ती झाकली जातात. घासताना वरचा थर इतका झिजलाय की खालची आडवी नस दिसू लागलीये, अशी शीट मात्र पॉलिशच्या कामाला नको.

चट्ट्यातल्या सगळ्यात वरच्या शीटवरून खालच्या दहांचा अंदाज बांधू नका. वरची बहुतेकदा दाखवायचीच असते. तुमच्या गाडीत जाणारी प्रत्येक शीट स्वतः बघा.

५. कडांना रंग फासलेला असेल तर?

ओल लागू नये म्हणून कारखान्यातून कडा रंगवून येतात, ते वाईट नाही. त्या रंगाखाली पुट्टीनं भरलेली फट मात्र दिसत नाही. दुकानात त्याच मालाचा आधी कापलेला तुकडा असतोच, तो मागा. शीट तिथेच कापून घ्यायची असेल तर पहिला काप मधोमध मारायला सांगा आणि उघडलेली कड बघूनच पुढचे काप मारू द्या. कारखान्याची कड कशीही सजवता येते, मधल्या कापाला तशी संधी मिळालेली नसते.

६. बोटांनी टकटक करून खरंच काही कळतं का?

कळतं, पण कान बसावा लागतो. शीट दोन लाकडांवर टेकवून नाण्यानं किंवा बोटाच्या पेरानं एका रेषेत टकटक करत जा. भरीव जागी आवाज टणक आणि एकसारखा येतो. पोकळीवर किंवा सरस सुटलेल्या जागी तो एकदम बसका, पोचट होतो. आवाज बदलला तिथे पेन्सिलनं फुली करा आणि पलीकडच्या बाजूनंही ठोकून बघा. एकावर एक रचलेल्या चट्ट्यावर ठोकून उपयोग नाही, खालच्या शीट आवाज गिळतात.

७. १८ मिमीमध्ये किती थर असायला हवेत?

साधारण ९ ते १३. बाल्टिक भागातल्या बर्च प्लायमध्ये १८ मिमीत १३ थर असतात, प्रत्येक सुमारे १.४ मिमीचा आणि सगळे बर्चचेच. त्याची कड इतकी देखणी असते की लोक ती झाकतच नाहीत. जास्त, पातळ आणि सारख्या जाडीचे थर म्हणजे शीट जास्त स्थिर आणि कडेत स्क्रू जास्त घट्ट. पण संख्येच्या मागे फार लागू नका. नऊ सरळ भरीव थर मला तेरा फाटक्या थरांपेक्षा चालतील.

८. जड प्लाय चांगलं असं सुतार म्हणतात. खरं आहे का?

अर्धं. वजन हे आतल्या लाकडाच्या जातीवर असतं. आठ बाय चारची १८ मिमी शीट पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाची असेल तर २७ किलोच्या आसपास भरते, निलगिरीसारख्या घट्ट लाकडाची ३७-३८ पर्यंत जाते. घट्ट लाकूड स्क्रू जास्त धरतं. मात्र निलगिरीला वाकायची खोड असते, नीट वाळवलेली नसेल तर जास्तच. पॉप्लर सरळ राहतं, सहज कापलं जातं, पण त्यात स्क्रू पुन्हा पुन्हा काढून लावला की जागा सैल होते. म्हणून काही कारखाने दोन्हींचे थर आलटून-पालटून लावतात. घरगुती फर्निचरला तो मेळ मला बरा वाटतो.

आणखी एक कारणही असतं वजनाचं: पाणी. ओलसर जागी पडून राहिलेली शीट जड लागते. दोन सारख्या शीटमध्ये एक विनाकारण जड वाटली तर ती सोडा, वाळताना ती वाकेल.

ओकुमे हे हलक्या, फिकट गुलाबी रंगाचं लाकूड. होड्यांच्या प्लायमध्ये ते खूप वापरतात, पण ते स्वतः कुजण्याला फार तोंड देत नाही. गर्जन या लाकडाचा तांबूस रंग लोकांना आवडतो म्हणून फिकट थराला तसा रंग देऊनही विकलं जातं. वरच्या थराच्या लालीवरून दर्जा ठरवू नका.

९. कशाला किती जाडी घेऊ?

कपाटाच्या बाजू, फळ्या, टेबलाचा वरचा भाग: १८ मिमी. खणांच्या बाजू: १२. मागची पाठ आणि खणांचे तळ: ६, फार तर ९.

फळीच्या बाबतीत मात्र थांबून विचार करा, कारण फळ्या झोळासारख्या वाकल्या ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ ऐवजी १८ मिमी घेतलं तर जाडी दीडपट होते, पण ताठपणा सव्वातीन पटींहून जास्त. लांबीचं उलट आहे: फळीभर सारखी पुस्तकं असतील आणि दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर झोळ सोळापट होतो. म्हणून १८ मिमीच्या फळीला पुस्तकांसाठी मी ६० सेंटिमीटरच्या वर सहसा जात नाही, ७५ म्हणजे हद्द. त्याहून लांब हवीच असेल तर पुढच्या कडेला ४० मिमी उंचीची भरीव लाकडाची पट्टी उभी चिकटवा. कडही झाकली जाते आणि फळी ताठ राहते. वरच्या थराची नस फळीच्या लांबीच्या दिशेनं ठेवा. आडवी ठेवली तर तीच फळी जास्त वाकते.

१०. शीटवर १८ लिहिलंय, मोजली तर १७.२ भरतेय. फसवलं का?

मानकांत जाडीला थोडी सूट असते आणि कारखान्यात घासताना थोडी जातेही. त्यामुळे जाडी थोडी कमी भरली म्हणून लगेच भांडू नका. एकाच शीटच्या चार कोपऱ्यांत चार आकडे येत असतील तर भांडा. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) खिशात ठेवून चारही कोपरे आणि कडांचे मध्य मोजा. खाच मारून सांधे करणार असाल तर ‘कॅलिब्रेटेड’ प्लाय मागा, ते सगळीकडे एका जाडीचं केलेलं असतं. तरीही खाच छापलेल्या जाडीची मारू नका. हातातल्या तुकड्याची जाडी घेऊन आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

११. प्लायऐवजी ब्लॉकबोर्ड किंवा एमडीएफ घेतलं तर?

लांब दारांना ब्लॉकबोर्ड. त्याच्या आत लाकडाच्या पट्ट्या एका दिशेनं भरलेल्या असतात, तो हलका असतो आणि सहा-सात फुटांचं दार त्यात प्लायपेक्षा सरळ राहतं. पट्ट्या दाराच्या उंचीच्या दिशेनं गेल्या पाहिजेत एवढं बघा. पट्ट्यांमधल्या फटी प्लायप्रमाणेच प्रश्न ४ च्या पद्धतीनं तपासा.

एमडीएफ रंगाच्या कामाला सुंदर, नक्षी कोरायला त्याहून सुंदर. पाण्याजवळ नको, कडेत स्क्रू नको, लांब फळीला नको.

१२. दुकानात सरळ असलेली शीट घरी आठवड्यात वाकली. असं का?

ठेवली कशी होती? भिंतीला तिरकी टेकवून ठेवली असेल तर उत्तर तिथेच आहे. शीट आडवी, सपाट, जमिनीपासून वर, सारख्या जाडीच्या तीन-चार लाकडांवर ठेवा. जागा नसेल तर अगदी उभी, भिंतीला जवळजवळ चिकटून. जमिनीवर थेट ठेवलेली शीट खालून ओल घेते आणि वरून वाळते, मग ती वाकणारच. वर एक जुनी फळी झाकून ठेवा म्हणजे वरच्या बाजूला वेगळी हवा लागणार नाही.

जिथे काम करणार त्या खोलीत शीट तीन-चार दिवस तशाच राहू द्या, मग कापा. आणि कापल्यावर जोडणी लवकर करा. कापलेल्या फळ्या महिनाभर कोपऱ्यात पडल्या की प्रत्येक जण आपापल्या दिशेनं बघू लागतो.

१३. माझी फळी लॅमिनेट लावल्यावर वाकली. प्लाय खराब होतं का?

बहुधा नाही. एकाच बाजूला लॅमिनेट लावलं असणार. त्या बाजूला ओलीचा रस्ता बंद, दुसऱ्या बाजूला उघडा, त्यात सरस वाळताना ओढ धरतो. प्रश्न १ मधला तोल इथे मोडतो. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचं काहीतरी लावा. आतली बाजू साध्या पांढऱ्या लॅमिनेटची असली तरी चालेल. रंगाचंही तसंच: दाराच्या आतल्या बाजूलाही तेवढेच हात द्या.

१४. प्लाय उकळून बघायची चाचणी घरी करता येते?

येते. मरीनच्या मानकात नमुना ७२ तास उकळतात. घरी इतकं कोणी करत नाही. बीडब्ल्यूपी म्हणून घेतलेल्या प्लायचा दोन-तीन इंचाचा तुकडा जुन्या डब्यात, उघड्यावर, सात-आठ तास उकळा. वर वजन ठेवा नाहीतर तुकडा तरंगत राहतो. मग पूर्ण वाळू द्या आणि थरांच्या मध्ये चाकूचं टोक घालून उचकटा. लाकूड फाटत असेल आणि सरसाची रेघ शाबूत असेल तर सरस खरा. थर पापुद्र्यासारखे स्वच्छ सुटत असतील तर ठसा खोटा.

एमआर प्लाय उकळू नका. ते सुटणारच, तो त्याचा दोष नाही. आणि हा डबा पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. सरसाची रेघ गडद दिसते म्हणून फिनॉलिक असं मानणारे बरेच आहेत. फिनॉलिक सरस गडद असतो हे खरं, पण साध्या सरसात रंग घालणं काही अवघड नाही.

१५. नव्या प्लायचा डोळ्यांना झोंबणारा वास येतो. घातक आहे का?

तो फॉर्मल्डिहाइडचा वास असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, त्यामुळे ‘थोडा वास येतोच’ म्हणून सोडून देऊ नये. युरोपीय ई१ वर्गात चाचणीच्या कक्षातली हवेतली मर्यादा घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम आहे. कॅलिफोर्नियाच्या कार्ब फेज २ नियमात हार्डवुड प्लायला दहा लाख भागांत ०.०५ भाग, म्हणजे बरीच कडक. शीटवर किंवा कागदपत्रांत यांपैकी काही लिहिलंय का ते विचारा.

फिनॉलिक सरसाच्या प्लायमधून हा वायू युरिया सरसापेक्षा पुष्कळच कमी निघतो. म्हणून लहान मुलांच्या किंवा झोपायच्या खोलीत पाण्याचा प्रश्न नसला तरी मी बीडब्ल्यूपी घेतो. प्रश्न २ मध्ये मरीनच्या हट्टाला नावं ठेवली ती तेवढ्यापुरती मागे. कापलेल्या कडा आणि आतल्या बाजू झाकल्या, खोलीची हवा खेळती ठेवली की वास झपाट्यानं कमी होतो.

१६. प्लायला वाळवी आणि किडा लागतो का? ‘ट्रीटेड’ म्हणजे नक्की काय?

लागतो. दोन्ही शत्रू वेगळे आहेत. वाळवी बाहेरून, भिंत-जमिनीतून येते. भुंगेरा बरेचदा लाकडाबरोबरच येतो. रुंद पानांच्या झाडांच्या बाहेरच्या लाकडातला स्टार्च त्याला हवा असतो, म्हणून तो प्लायच्या थरांत सुखानं राहतो. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी, ही त्याची खूण. दुकानात शीट हलवल्यावर अशी भुकटी पडली तर शीटच काय, ते गोदामच सोडा.

‘ट्रीटेड’चे दोन प्रकार जास्त दिसतात. एकात कीटकनाशक सरसात मिसळतात, दुसऱ्यात औषध दाबानं लाकडात मुरवतात. कोणता ते विचारा. भिंतीतच वाळवी असेल तर आधी भिंतीचा बंदोबस्त, प्लाय नंतर.

१७. मला पूर्ण शीट नकोच. तुकडे घेऊ का?

छोट्या कामाला जरूर. कापून उरलेल्या तुकड्यांच्या चारही कडा उघड्या असतात, त्यामुळे प्रश्न ५ ची अडचणच नाही. फक्त सगळे तुकडे एका जाडीचे आहेत का ते मोजा.

पूर्ण शीट घ्यायची असेल तर आधी कागदावर मांडणी करा. सगळीकडे जास्त चालणारं माप आठ बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. बर्च प्लाय पाच बाय पाच फुटांतही येतं. मांडणी करताना करवतीची जाडी विसरू नका. १२२० मधून ३०५ च्या चार फळ्या कागदावर निघतात, लाकडात निघत नाहीत: तीन कापांत ९ मिमी भुसा होतो आणि प्रत्येक फळी ३०२ च्या थोडी वर येते. शिवाय कारखान्याचा कोपरा काटकोनात असेलच असं नाही. दोन्ही कर्ण मोजा, २४४० बाय १२२० ला ते २७२८ मिमी यायला हवेत. येत नसतील तर एक कड गुण्या लावून स्वतः सरळ करून घ्या आणि बाकीची मापं तिच्यावरून धरा.

१८. न बघता, घरपोच मागवावं का?

माझं मत नको असं आहे. मागवायचंच असेल तर नाकारायचा हक्क आधी लेखी घ्या, आणि माल उतरवणारी माणसं दारात असतानाच कडा आणि कोपरे बघा. कोपरे चेपलेले येणं फार सामान्य आहे. तेवढ्यासाठी प्रत्येक तुकडा दोन सेंटिमीटर आतून मांडता येईल अशी जागा मांडणीत सोडा.

१९. बांधकामाचं काळं, गुळगुळीत शटरिंग प्लाय मिळतंय. कपाटाला चालेल?

नवं असेल तर कामाच्या टेबलाला किंवा साच्यांना उत्तम. कपाटाला नको, त्याच्या फिल्मवर सरस आणि रंग धरत नाही. वापरलेलं असेल तर कशालाच नको. त्यात काँक्रीटचे कण असतात आणि एका कापात पात्याची धार जाते.

२०. गोलाई करायची आहे, कोणतं प्लाय वाकेल?

फ्लेक्सी प्लाय. ते एकाच दिशेनं वाकतं, लांबीच्या की रुंदीच्या, ते मागवतानाच सांगावं लागतं. साच्यावर दोन-तीन पदर एकमेकांना चिकटवून वाळवले की आकार धरतं.

२१. कापताना कडेच्या चिपा उडतात. हे हलक्या प्लायमुळे का?

बरेचदा पात्यामुळे. दहा इंची पात्याला साठ किंवा जास्त दात हवेत. कापाच्या रेषेवर धारदार चाकूनं आधी वरचा थर चिरून घ्या किंवा चिकटपट्टी लावा. हातातल्या गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून देखणी बाजू खाली ठेवा. टेबल सॉवर ती वर. एवढं करूनही आडव्या कापात वरचा थर पापुद्र्यासारखा निघत असेल तर तो जास्तच पातळ आहे किंवा नीट चिकटलेला नाही. तो दोष मात्र शीटचा.

२२. सगळं बघून घेतलं, तरी कापल्यावर आत पोकळी निघाली. आता?

निघते. चारही कडा निर्दोष आणि मध्ये पोकळी, असं चांगल्या मालातही होतं. मोठी असेल आणि शीट नुकतीच कापलेली असेल तर फोटो काढून दुकानात जा. कडा आणि ठसा दोन्ही एका फोटोत दिसले पाहिजेत.

बदलून मिळणार नसेल तर आधी ती फळी कुठे जाणार ते बघा. पाठीच्या बाजूला किंवा कमी वजनाच्या फळीत ती आयुष्यभर निमूट राहील. बिजागरी, चॅनेल किंवा सांधा तिथे येणार असेल तर भरा. छोट्या फटीला लाकडाचा भुसा आणि सरस यांचा घट्ट लगदा पुरतो. बोटभर पोकळीला इपॉक्सी ओता, किंवा त्या जाडीची लाकडाची चीप सरस लावून ठोकून बसवा आणि वाळल्यावर कडेला रंधा मारा. स्क्रूसाठी त्यात आधी बारीक भोक पाडा, नाहीतर चीपच फुटते. माझ्या त्या पहिल्या कपाटाची वरची बिजागरी अशाच एका चिपेवर उभी आहे. खालची दोनदा निघाली, ही नाही.